आडनाव मुळे, मुले की मुळ्ये? दाजीबा शोधायचे तर आधी वयं मोजा

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे कुठले ते माहीत नाही, पण चार पिढ्या तरी इंदूरचेच. घरात आडनाव मुळे म्हणतात. माझ्या आधारवर हिंदीत मूले आहे, बाबांच्या मार्कशीटवर मुले, बँकेत इंग्रजीत एम-यू-एल-ई-वाय, आणि आजोबांच्या (जन्म 1921) पेन्शनच्या कागदावर एम-डबल ओ-एल-ए-वाय. आत्या म्हणते हे सगळंच चूक, आपण खरे मुळ्ये. आजोबांचे वडील विठ्ठल, एवढं पक्कं. त्यांचं तांब्याचं घंगाळ घरी आहे, त्यावर "वि. दा. मुळे" असं कोरलंय. त्यांच्या वरचं एकच नाव ऐकून आहोत, दाजीबा. काका सांगतात की दाजीबा होळकरांच्या फौजेत होते, महिदपूरच्या लढाईत गेले, आणि ते रंगपंचमीला गेले म्हणून आमच्याकडे त्या दिवशी रंग खेळत नाहीत. एक फाटका मोडी कागद आहे, त्यातला 1779 एवढाच आकडा लागतो, त्यावरून काका म्हणतात आपण अहिल्याबाईंच्या काळापासून इथे. आता बडोद्याचं एक मुळ्ये कुटुंब व्हॉट्सॅपवर भेटलंय, त्यांच्याकडेही एक दाजीबा आहेत. ते म्हणतात तीन भाऊ होते, एक बडोद्याला, एक इंदूरला, एक ग्वाल्हेरला. काका दिवाळीच्या संमेलनासाठी वंशवृक्ष छापायला देऊन राहिले आहेत. आत्याकडे आजीच्या हातची श्राद्धाच्या तिथींची वही आहे, पण ती कोणी नीट पाहिलेली नाही. मी कोणतं स्पेलिंग धरून शोधू? आणि हे दाजीबा एकच की दोन?

— रंग न खेळलेला मुळे, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर

पहिलं काम, काकांना सांगा छापखान्याला जरा थांबायला सांगा. एकदा फ्लेक्सवर आणि चकचकीत कागदावर वंशवृक्ष आला की पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटतो, मग तो खोडायला कोणी धजत नाही आणि जो खोडेल तो घरात वाईट होतो.

आता स्पेलिंग. कोणतं धरू असं विचारलंय, तर कोणतंच नका धरू, सगळी घ्या, पण प्रत्येकापुढे ते कोणी लिहिलं, कोणत्या लिपीत आणि साधारण कधी, हे लिहा. कारण ही स्पेलिंगं तुमच्या घराण्याची नाहीतच, ती त्या त्या टेबलावर बसलेल्या बाबूची आहेत. त्याने कानाने जे ऐकलं आणि त्याच्या लिपीत जे बसलं ते त्याने लिहिलं, आणि समोरच्या माणसाने मान हलवली कारण रांग मोठी होती.

इंदूरकराला हे वेगळं सांगायला नको खरं तर. होळकर म्हणजे होळ गावचे, ळ त्यांच्या गावाच्या नावातच आहे, आणि आपल्याच शहरात पाट्या काय आहेत, होलकर कॉलेज, होलकर स्टेडियम. ज्यांचं राज्य होतं त्यांचा ळ टिकला नाही तिथे मुळ्यांचा कोण जपणार. ग्वाल्हेरला शिंद्यांचे सिंधिया झाले, इंग्रजीत तर एस-सी पासून सुरुवात, आणि बडोद्याच्या गायकवाडांना जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी आर लावून गायकवार केलेलं दिसतं. तेव्हा मुळेचं मूले होणं ही काही घराण्याची भानगड नाही, हिंदी शाळेत ळ शिकवत नाहीत एवढंच. संस्थान 1948 ला मध्य भारतात विलीन झालं, 1956 ला मध्य प्रदेश झाला, आणि सरकारी लिहिणं हिंदीत गेलं, त्यानंतरच्या कागदावर मुले किंवा मूले असणारच. (बाबांच्या मार्कशीटवर "मुले" वाचून पुण्याकडच्या कोणी नातेवाइकाने चेष्टा केली नाही असं शक्यच नाही.) म्हणजे या दोन रूपांवरून पूर्वजाबद्दल काहीही कळत नाही, फक्त कागदाचा काळ कळतो. ती बाजूला ठेवा.

आजोबांचं एम-डबल ओ वालं स्पेलिंग मात्र मला आवडलं. ही जुनी, कानाने लिहायची इंग्रजी पद्धत, त्यात ऊ म्हणजे डबल ओ, ई म्हणजे डबल ई, राव म्हणजे आर-ओ-डब्ल्यू, पंत म्हणजे पी-यू-एन-टी. 1870 नंतर हळूहळू नियमात बांधलेलं स्पेलिंग आलं, पण माणसांची नावं जुन्या वळणानेच चालू राहिली कारण मुलगा बापाचं बघून लिहितो. आजोबा 1921 चे, हे स्पेलिंग त्यांनी स्वतः शोधून काढलं असेल असं वाटत नाही, बहुतेक वडिलांच्या किंवा आजोबांच्या नोकरीच्या कागदावरून आलं असेल. म्हणजे विठ्ठलरावांच्या वेळी किंवा त्यांच्याही आधी घरात कोणाचा तरी इंग्रजी दफ्तराशी संबंध आला असावा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि आत्याचं मुळ्ये. बँकेतलं स्पेलिंग परत बघा, एम-यू-एल-ई-वाय. आता मुळ्ये इंग्रजीत कसं लिहितात, एम-यू-एल-वाय-ई. पाच अक्षरं तीच, शेवटची दोन इकडची तिकडे! टाइपिस्टचं एक बोट चुकलं की मुळेचे मुळ्ये होतात आणि मुळ्येंचे मुळे. आत्याने लहानपणी एखाद्या सर्टिफिकेटवर ते उलटं पाहिलं असेल आणि मनात बसलं असेल, किंवा आत्याच बरोबर असेल आणि बाकी सगळे चूक, दोन्ही शक्य आहे. पण हा वाद इंग्रजी कागदांवर सुटणार नाही, इंग्रजी कागद इथे साक्षीदार म्हणून बाद. हा वाद सुटेल मोडीत. मोडी लिहिताना र्‍हस्व-दीर्घ कोणी पाळत नसे, त्यामुळे मु की मू हे मोडीत विचारायचंच नाही, पण ल आणि ळ ही अक्षरं मोडीत वेगळी आहेत आणि जोडाक्षरही कळतं. त्या फाटक्या कागदावर आडनाव कुठे असेल तर जाणकाराला एवढंच विचारा की ळे आहे की ळ्ये. घंगाळ मुळेच्या बाजूने बोलतंय, आणि ते विठ्ठलरावांच्या हयातीत, त्यांच्या पैशाने, त्यांच्यासमोर कोरलं गेलं असणार, म्हणून मी त्याला बाबूच्या कागदापेक्षा जास्त मानते.

आता दाजीबा. इथे स्पेलिंग सोडा आणि पेन्सिल घ्या.

आजोबा 1921. त्यांचे वडील विठ्ठल साधारण 1890 च्या आसपासचे, शेंडेफळ वगैरे धरून ताणलं तर 1876. त्यांचे वडील, घंगाळावरचे "दा", पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने 1860 चे, फारच ताणलं, दुसरं लग्न, उशिरा मुलं, तर 1836. काकांची महिदपूरची लढाई, होळकर आणि इंग्रज यांच्यातली, झाली 21 डिसेंबर 1817 ला. त्यात तलवार धरणारा माणूस 1800 च्या आधी जन्मलेला हवा. म्हणजे हे "दा" त्या लढाईत असूच शकत नाहीत, त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांचे वडीलही पंचवीस-तीसच्या हिशेबाने तेव्हा फार तर लहान पोर असतील. दाजीबांना 1817 मध्ये बसवायचं तर मध्ये किमान एक-दोन नावं गळालेली आहेत असं मानावं लागेल, आणि काकांना घर 1779 पासून इथे दाखवायचं तर त्याच दाजीबांना अहिल्याबाईंच्या काळातही बसवावं लागेल! 1779 ला वीस वर्षांचा धरला तर 1817 ला अठ्ठावन्नाचा. असेल एखादा, पण एका माणसावर किती इतिहास लादायचा.

तो 1779 चा आकडा बघू. त्या काळच्या मोडी कागदावर इसवी सन घालायची रीत नव्हती. शके असायचं, किंवा सुरसन, फसली, आणि आपल्या माळव्यात स्थानिक लोकांच्या कागदावर संवत. शके असेल तर 78 मिळवा. 1779 अधिक 78 किती? 1857. संवत असेल तर 57 वजा, म्हणजे 1722, तेव्हा इंदूर होळकरांचं नव्हतंच, मल्हाररावांचा इथे जम बसायचा होता, तो पर्याय गेला. शके आणि संवत यांच्यात 135 वर्षांचा फरक पडतो, आणि घरोघरच्या वंशावळींत जे दीर्घायुषी पूर्वज सापडतात त्यातले बरेच या 135 मुळे झालेले असतात. कागदावर आकड्याआधी शके शब्द आहे का ते बघा, आणि पुढे संवत्सराचं नाव बघा, शके 1779 चं संवत्सर पिंगल, तेव्हा "पिंगलनाम संवत्सरे" असं काही लागलं की प्रश्न मिटला. (आणि तो आकडा रुपयांचाही असू शकतो, तीही तयारी ठेवा.)

1857 म्हटल्यावर मी सावध झाले, कारण महिदपूर तेव्हाही पेटलं होतं. तिथे इंग्रज अफसरांच्या हाताखालची एक फौज होती, महिदपूर कंटिंजंट म्हणायचे, आणि नोव्हेंबर 1857 मध्ये त्या छावणीवर बंडवाल्यांनी हल्ला केला, आतलेही बरेच त्यांना जाऊन मिळाले. त्याच वर्षी 1 जुलैला आपल्या इथे रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्यात होळकरांच्या फौजेतले लोक होते. तेव्हा "होळकरांची फौज" आणि "महिदपूर" हे दोन्ही शब्द 1857 ला पण लागू पडतात, आणि वयाचा हिशेब तर कितीतरी बरा बसतो, "दा" ताणून बसतात आणि त्यांचे वडील आरामात बसतात. 1817 ची लढाई शाळेच्या पुस्तकात आहे, 1857 चं महिदपूर नाही, म्हणून घरातल्या कोणीतरी ऐकलेल्या महिदपूरला पुस्तकातली लढाई जोडली असेल, असं फार होतं. मी हे पक्कं म्हणत नाही, पण आज माझे पैसे 1857 वर.

आणि आता रंगपंचमी, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला पुरावा आणि तुम्ही तो सहज लिहून पुढे गेलात. रंगपंचमी म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी. 21 डिसेंबर 1817 म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध पक्षाची अखेर, पौर्णिमेच्या आदले एक-दोन दिवस. नोव्हेंबर 1857 मध्येही फाल्गुन येत नाही. म्हणजे रंगपंचमीला वारलेला माणूस या दोन्हींपैकी कुठल्याही लढाईत मेलेला नाही, फार तर जखमी होऊन नंतर वारला, किंवा लढाई करून घरी आला आणि म्हातारा होऊन अंथरुणावर गेला. "महिदपूरच्या लढाईत गेले" हे वाक्य पहिल्यांदा ज्याने म्हटलं त्याला लढाईला गेले म्हणायचं असेल, आणि पुढच्यांनी ते देवाघरी गेले असं ऐकलं. आपल्या मराठीत दोन्हीला गेलेच म्हणतात, काय करणार.

म्हणून आत्याची वही. तिच्यापुढे बाकीचं सगळं नंतर. श्राद्धाला तीन नावं लागतात, बाप, आजा, पणजा, पिता-पितामह-प्रपितामह, गोत्रासकट. वही आजीच्या हातची म्हणजे ती आजोबांनी करायच्या श्राद्धांसाठी लिहिलेली, तेव्हा त्यात विठ्ठल, त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा एवढे तरी असणार. यातल्या कोणाच्या नावापुढे फाल्गुन वद्य पंचमी आहे ते बघा. ज्याच्यापुढे ती तिथी, तो तुमचा दाजीबा, मग वहीत नाव दामोदर असो की दादाजी की दत्तात्रय. दाजीबा हे हाक मारायचं नाव असायची शक्यता दांडगी आहे. तात्या टोपे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते रामचंद्र पांडुरंग येवलेकर, त्यांचं हाकेचं नावच इतिहासात राहिलं आणि मूळचं आडनावही मागे पडलं. तेव्हा "दाजीबा मुळे" असं शोधून काही न सापडणं हे काही न सापडणं नव्हे.

वहीत आणखी एक बघा किंवा आत्याला विचारा. भाद्रपदातल्या पक्षात दाजीबांचं पान पंचमीला वाढत की चतुर्दशीला? शस्त्राने मेलेल्यांचं पक्षातलं श्राद्ध चतुर्दशीला करतात. चतुर्दशीला असेल तर काका थोडे तरी बरोबर, कुठल्या तरी चकमकीतली जखम त्यांना भोवली. पंचमीला असेल तर दाजीबा शांतपणे वारले. आत्याशी बोलायला जाल तेव्हा मुळ्येचा वाद काढू नका, आधी कोण कोणाला कुठे दिली ते विचारा, घरातल्या मुलींच्या सासरची आणि आलेल्या सुनांच्या माहेरची आडनावं लिहून घ्या. पुरुषांची नावं नातवाला आजोबाचं म्हणून दर दोन पिढ्यांनी तीच तीच येतात आणि दोन माणसं एक होऊन बसतात, सोयरीक मात्र सहसा तीच परत येत नाही.

बडोदेकरांकडे येते. तीन भाऊ, एक बडोद्याला एक इंदूरला एक ग्वाल्हेरला, ही गोष्ट मी इतक्या घरांतून ऐकली आहे की आता तिसरा भाऊ कुठे गेला ते मीच आधी सांगते. खोटी असतेच असं नाही, एका घरातली माणसं वेगवेगळ्या सरदारांबरोबर खरंच गेली, पण ही गोष्ट आहे, पुरावा नाही. दोघांकडे दाजीबा आहेत हाही पुरावा नाही, त्या काळी दाजी, बापू, नाना, आबा हे घरटी एक असायचे. आणि बडोद्याच्या मुळ्येंना स्पेलिंगची सबब देता येत नाही, कारण गुजराती लिपीत ळ आहे, त्यांचा ळ तिथल्या दफ्तरात मरायचं कारण नव्हतं. त्यांचं मुळ्ये हे बऱ्यापैकी अस्सल असणार, आणि तुमचं घंगाळ मुळे म्हणतंय. मुळे आणि मुळ्ये ही दोन निराळी आडनावं म्हणूनही चालतात, आणि एकाच आडनावाची, एकमेकांशी काही संबंध नसलेली कुळंही ठिकठिकाणी असतात.

त्यांना चार गोष्टी विचारा ज्या कुठल्याही बाबूच्या हातात नव्हत्या. गोत्र काय (गोत्र सांगता येत नसेल तर लग्नातलं देवक). कुलदैवत आणि कुलस्वामिनी कोण, कुठल्या ठिकाणची. मूळ गाव. आणि घरात गौरी कशाच्या बसतात, खड्याच्या की मुखवट्याच्या, नवरात्रात काय काय करतात. शेवटचा प्रश्न बायकांना विचारा, पुरुषांना नाही. सून घरात आली की सासू तिला तिथलंच शिकवते, आडनाव कागदावर चार वेळा बदलतं पण कुळाचार सहसा बदलत नाही. चारही जुळले तर बोलणं पुढे न्या, गोत्र जुळलं नाही तर चहा पिऊन या, संबंध गोड ठेवा, पण झाड वेगळं. एक पळवाट तेवढी लक्षात असू द्या, दत्तक. दत्तक गेलेला मुलगा घर बदलतो, आडनावही बदलू शकतो, आणि घरचे ते पुढे सांगत नाहीत. आपल्या इंदुरातलंच बघा, राणी लक्ष्मीबाईंचे दत्तक पुत्र दामोदरराव 1857 नंतर इथे आले, 1906 ला इथेच वारले. घराणं नेवाळकर, पण पुढच्यांना आपण झाशीवाले म्हणून ओळखतो. उद्या त्यांचा कोणी वंशज फक्त "झाशीवाले" शोधत बसला तर 1850 च्या मागे त्याला काय मिळणार? तुमचंही तसं असू शकतं, मुळेच्या मागे एखादं गावाचं "कर" किंवा हुद्द्याचं आडनाव असू शकतं, म्हणून मोडी कागदात आडनाव न सापडता "दाजी बिन अमुक" किंवा "वलद अमुक" असं सापडलं तरी खूश व्हा, बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, आडनावापेक्षा बापाचं नाव जास्त कामाचं.

मूळ गाव माहीत नाही म्हणता, तर त्याला सगळ्यात जवळचा रस्ता उज्जैन. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात, रामघाटावर आणि सिद्धवटाला विचारा, मग जमेल तेव्हा नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. तिथे घराणी गावावरून आणि आडनावावरून लावलेली असतात, म्हणून एक आडनाव सांगून थांबू नका, मुळे, मुळ्ये, मुळये, मुले सगळी सांगा, गोत्र सांगा, विठ्ठल नाव सांगा. वहीत आलेल्या माणसाचा बाप, आजा, भाऊ, मुलं, कधी बरोबरच्या बायकाही लिहिलेल्या असतात, आणि बऱ्याचदा सही त्या माणसाची स्वतःची असते. म्हणजे आडनाव त्याने स्वतः कसं लिहिलं ते दिसतं, मध्ये कोणी बाबू नाही. तुमच्या सगळ्या शोधात हा एकच कागद असा असेल. जाताना दक्षिणेचं मन मोठं ठेवा, फोटो विचारून काढा, आणि सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका, उज्जैनला तो 2028 ला आहे, तेव्हा गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो. हरिद्वारसारख्या क्षेत्रांच्या वह्यांचे स्कॅन फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघायला मिळतात, पण ते वाचायचे म्हणजे डोळे आणि सवड दोन्ही लागतात.

कंटिंजंटचा धागा धरायचा तर ते इंग्रजी दफ्तर, होळकरांचं नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे, त्यात 1857 च्या आसपासच्या फायलींची यादी शोधता येते. तिथे आजोबांचं डबल ओ वालं स्पेलिंग कामाला येईल, शेवटी ए-वाय, ई-वाय, डबल ई असे सगळे प्रकार टाकून बघा, आणि आडनावाने नाही मिळालं तर महिदपूर टाका, तेही तेव्हा एम-ई-एच ने लिहायचे. सापडेलच असं नाही, साध्या शिपायाचं नाव फायलीच्या मथळ्यात येत नाही, जमादार-सुभेदार असेल, पेन्शनचा अर्ज केला असेल किंवा बंडात नाव आलं असेल तरच. काका म्हणतील पुण्याला पेशवे दफ्तरात जाऊ, जाऊ दे त्यांना, पण मूळ गाव कळल्यावर. तिथे इनाम कमिशनच्या वेळच्या, म्हणजे 1852 नंतरच्या, कैफियती आहेत, ज्यांना जमीन इनाम होती त्यांनी हक्क दाखवायला वंशावळी लिहून दिल्या होत्या, गाव माहीत असेल तर त्या सोन्यासारख्या, नसेल तर नुसते रुमालच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. जनगणनेच्या मागे लागू नका, घरोघरचे फॉर्म जपून ठेवलेले नाहीत. डीएनए टेस्टचं कोणी सुचवलं तर तुमच्यातला एक पुरुष आणि बडोद्याचा एक पुरुष यांची बापाकडची साखळी एक आहे का एवढं ती सांगेल, दाजीबा कोण ते नाही सांगणार.

घराची जुनी रजिस्ट्री असेल तर ती काढा, त्यात घेणाऱ्याच्या बापाचं नाव असतं आणि चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं असतात. घंगाळ उलटं करून बघा, काठाखाली कधी सालही घातलेलं असतं, आणि बाकीची जुनी भांडी माळ्यावरून काढा, एकाच भांड्यावर समाधान मानू नका. मोडी कागद लॅमिनेट करायचा नाही, सेलोटेप लावायची नाही, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूचेही, आणि मोडी येणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांना द्या, एकमेकांचं वाचन न दाखवता. मोबाईलवरच्या वाचून देणाऱ्या अ‍ॅपला विचारायला हरकत नाही, पण त्याने दिलेलं आडनाव मानू नका.

काकांचं काय करायचं, तर त्यांना वंशवृक्ष छापू द्या, संमेलनाचा उत्साह का मोडायचा. विठ्ठलरावांपर्यंत सरळ रेघ. त्यांच्या वर "दा." असं घंगाळावर आहे तसं, नाव पूर्ण न करता. दाजीबा त्याच्या बाजूला तुटक रेघेने, खाली बारीक अक्षरात "घरातली आठवण, फाल्गुन वद्य 5", आणि लढाईचं साल घालू नका. बडोद्याचं घर या छापात नको, त्यांना संमेलनाला पाहुणे म्हणून बोलवा. काका ऐकणार नसतील तर त्यांना 1921 पासून मागे वयं मोजायला लावा, त्यांच्याच हाताने, तुम्ही नुसते समोर बसा.

बडोद्याला काय लिहायचं त्याचा मसुदा देते, हवा तसा बदला: "नमस्कार, आपलं बोलणं झाल्यापासून आम्ही घरचे कागद काढून राहिलो आहोत. आमचं गोत्र अमुक, कुलदैवत अमुक, मूळ गाव शोधतोय. तुमचं गोत्र, कुलदैवत, गाव आणि गौरी कोणत्या ते कळवाल का? तुमच्या दाजीबांची तिथी कोणती, आणि त्यांच्या वडिलांचं नाव कुठल्या कागदावर आहे, त्याचा फोटो मिळाला तर बरं होईल. जुळलं तर आनंदच, नाही जुळलं तरी दिवाळीला इंदूरला याच." आत्याची वही आधी बघा, मग हा मेसेज पाठवा, म्हणजे त्यांनी तिथी सांगितली की तुम्हाला लगेच ताडून बघता येईल. आणि तुमची तिथी त्यांना आधी सांगू नका.